पिकअप घेण्यापूर्वी तुलना: कागदावर, काट्यावर आणि घाटात

‘कोणती पिकअप चांगली?’ एवढ्या प्रश्नाला उत्तर नसते. कोथिंबीर-मेथी वाहणाऱ्याला जी गाडी परवडते, तीच फरशी वाहणाऱ्याला दोन वर्षांत रडवते. पुण्यात तर एकाच गाडीला सकाळी दिवे घाट चढावा लागतो आणि दुपारी रविवार पेठेतल्या बोळात उलटे यावे लागते. म्हणून तुलना शोरूममध्ये सुरू करू नका. आधी आपल्या कामाचा कागद तयार करा आणि मग त्यावर एकेक मॉडेल घासून बघा.

कामाचा कागद

पंधरा दिवसांच्या फेऱ्या वहीत लिहा. माल कोणता, नग किती, अंदाजे वजन किती, कुठून कुठे, जाता-येता भरलेली की एका बाजूने रिकामी, घाट कोणता, उतरवायला गल्ली किती रुंद, आणि थांबून राहण्यात किती वेळ गेला. वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, तोही कमी बाजूला. टोमॅटोचा भरलेला क्रेट 20 ते 25 किलोचा, कांद्याची गोणी साधारण 50 किलोची आणि सिमेंटचे पोते बरोबर 50 किलोचे. फरशी, काच, लोखंड यांचे वजन बिलावरून किंवा काट्याच्या पावतीवरून घ्या. हमालाच्या डोळ्यावर जाऊ नका.

आता वहीतल्या सगळ्यांत जड फेरीसाठी गाडी शोधण्याचा मोह आवरा. दहांतल्या नऊ फेऱ्यांना जी पुरेल ती घ्यायची. दहावी फेरी, म्हणजे गणपती-दिवाळीतली, भाड्याच्या मोठ्या गाडीने करायची. वर्षभर अर्धा रिकामा हौदा फिरवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

या कागदावरून तुमचा गट ठरतो. पाऊण टनाच्या आसपास टाटा एस आणि एस प्रो, मारुती सुपर कॅरी, महिंद्रा जीतो आणि सुप्रो. सव्वा ते दीड टनात टाटा इंट्रा व्ही30 आणि व्ही50, अशोक लेलँड दोस्त, बोलेरो मॅक्स पिकअपची सिटी मालिका. पावणेदोन ते दोन टनात बोलेरो मॅक्सची एचडी मालिका, टाटा योद्धा, बडा दोस्त. तुलना एकाच गटातल्या तीन मॉडेलांत करा. छोटा हत्ती आणि बोलेरो यांत ‘दम कोणात जास्त’ असे विचारण्यात अर्थ नाही.

आणखी एक पथ्य: मॉडेलची नव्हे, व्हेरियंटची तुलना करा. एकाच नावाखाली हौद्याच्या दोन लांब्या, दोन टायर, पॉवर स्टीअरिंग असलेली आणि नसलेली, एसीची आणि बिनएसीची अशा चार-पाच गाड्या असतात. जड ट्रकांच्या केबिनला ऑक्टोबर 2025 पासून एसी सक्तीचा झाला, पण तो नियम साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना आहे. पिकअपमध्ये एसी अजून पैसे मोजून घ्यायची गोष्ट आहे. विक्रेत्याकडून व्हेरियंटचे पूर्ण नाव लिहून घ्या आणि त्याच नावाचा तांत्रिक तक्ता मागा.

पासिंग: पत्रकातला आकडा आणि हातात येणारा आकडा

मालाची मंजूर क्षमता, जिला धंद्यात पासिंग म्हणतात, ती म्हणजे भरलेल्या गाडीचे मंजूर एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन. इथेच सगळ्यांत जास्त फसगत होते, कारण एकूण वजनात ड्रायव्हर, हमाल, ताडपत्री, दोर, जॅक आणि तुम्ही नंतर बसवलेला सांगाडा हे सगळे येते.

समजा, एकूण वजन 2,600 किलो आणि रिकामी गाडी 1,350 किलो. पत्रक सांगेल 1,250. त्यातून दोन माणसांचे 140, ताडपत्री-दोर-हत्यारांचे 30, आणि लोखंडी जाळीच्या उंच बॉडीचे 120 वजा करा. राहिले 960. सव्वा टनाची म्हणून घेतलेली गाडी कायद्याने टनालाही पोचत नाही. सीएनजी व्हेरियंटमध्ये सिलिंडरचे वजन आणखी खाते. म्हणूनच सुपर कॅरीच्या पेट्रोल गाडीची क्षमता 740 किलो आहे, तर सीएनजीची 625.

जादा माल भरून हा फरक ‘भागवायचा’ म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. हौद्याच्या बाहेर आलेल्या मालालाही याच कलमात 20,000 आहेत. पाइप आणि सळईवाल्यांनी हे आधीच हिशेबात धरावे. दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. अपघात झाला आणि गाडीत पासिंगपेक्षा जास्त माल निघाला, तर दावा अडकतो.

एकूण वजनाच्या दोन रेषा लक्षात ठेवा. 3,000 किलोंपर्यंत एकूण वजन असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याच्या कलम 66 मधून परमिटची सूट आहे. बऱ्याच मॉडेलचे एकूण वजन 3,000 च्या किंचित आत ठेवलेले दिसते, ते उगाच नाही. दुसरी रेषा 7,500 किलोंची. त्याच्या आतल्या मालवाहू गाडीला साधा हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा ‘मोठीला वेगळा लायसनवाला लागेल’ या भीतीने छोटी गाडी घेऊ नका.

तपासायची पद्धत सोपी आहे. टेस्ट ड्राइव्हची गाडी टाकी भरलेली असताना वजनकाट्यावर घाला आणि पावती घ्या. पत्रकातल्या रिकाम्या वजनाशी ती जुळली पाहिजे. चाळीस-पन्नास किलो जास्त आले तर बहुतेक वेळा कारण बॉडीत असते: फाळके (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजू) जाड पत्र्याचे, खाली चेकर प्लेट म्हणजे उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा, वर कॅरिअर. हीच बॉडी तुमच्या गाडीला येणार का, ते विचारा.

टायरही याच ठिकाणी बघा. टायरच्या कडेवर भार-निर्देशांक छापलेला असतो. 97 म्हणजे एका टायरला 730 किलो, 102 म्हणजे 850, 106 म्हणजे 950. मागच्या दोन टायरांची बेरीज ही मागच्या ॲक्सलची खरी मर्यादा. दोन मॉडेलचे पासिंग सारखे आणि टायर एकाचे 97 चे, दुसऱ्याचे 102 चे असतील, तर पहिल्याला मोकळीक नावापुरती. उन्हाळ्यात सातारा रस्त्यावर तेच टायर आधी फुगतील. स्टेपनीही त्याच मापाची आहे ना, ते पाहा.

हौदा टेपने मोजा

फुटांत सांगितलेली लांबी गोल केलेली असते, म्हणून आतून मिलिमीटरमध्ये मोजा. प्लायवुडची शीट 8 बाय 4 फूट, म्हणजे 2,440 बाय 1,220 मिमी. टाटा एस गोल्डचा हौदा 2,200 मिमी लांब आहे, म्हणजे शीट आडवी ठेवून फाळका बंद होणार नाही. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून माल उचलणाऱ्याला एवढे एकच माप पुरे आहे. बाकी सगळे गुण बाजूला ठेवून ती गाडी यादीतून बाद.

क्रेटवाल्यांनी कागदावर मांडणी करावी. 600 बाय 400 मिमीचा क्रेट धरा. 2,200 बाय 1,490 च्या हौद्यात सगळे क्रेट एकाच दिशेने लावले तर थराला 9 किंवा 10 बसतात. रुंदीत एक रांग आडवी आणि दोन रांगा उभ्या केल्या तर 11 बसतात. त्याच गाडीत 25 किलोच्या क्रेटचे चार थर केले तर 1,100 किलो होतात, म्हणजे पासिंग तिसऱ्या थरालाच संपते. टोमॅटोला त्या हौद्याची उंची निरुपयोगी, पालेभाजीला मात्र तीच लागते. पोहे, फरसाण, थर्माकोल, गाद्या अशा हलक्या पण पसरट मालाला आधी हौदा भरतो आणि मग वजन. त्यांनी टनाऐवजी घनफुटांची तुलना करावी आणि बंद कंटेनर बॉडीचा खर्च किमतीत धरावा.

मापात काठावरचे काही आले तर सावध व्हा. 1,607 मिमीच्या रुंदीत 400 चे चार क्रेट कागदावर बसतात, फट 7 मिमीची उरते. प्रत्यक्षात फाळक्याची कडी किंवा पत्र्याचा वाक तेवढी जागा खातो आणि चौथी रांग अडकते. आपले चार रिकामे क्रेट शोरूमला घेऊन जा. विक्रेते हसतील, हसू द्या.

हौद्याची जमिनीपासूनची उंची हमालाच्या कमरेशी संबंधित आहे. दिवसाला शंभर गोण्या चढवायच्या तर दहा सेंटीमीटर कमी उंचीने वेळ आणि मजुरी दोन्ही वाचते. फाळके तिन्ही बाजूंनी पडतात का, की फक्त मागचा? गल्लीत गाडी भिंतीला लावून उभी असताना बाजूचा फाळका पडला नाही तर माल उतरत नाही.

मागच्या ॲक्सलच्या मागे हौदा किती लांब जातो, तेही बघा. लांब शेपटाच्या गाडीत जड माल मागे ठेवला की पुढची चाके हलकी होतात आणि चढावर स्टीअरिंग तरंगायला लागते. अशी गाडी वाईट नसते, पण माल पुढे लावण्याची शिस्त मागते.

घाटाचे गणित

पुण्यातून बाहेर पडायचे म्हणजे बहुतेक दिशांना चढ-उतार आलेच: सासवडकडे दिवे घाट, साताऱ्याकडे कात्रज आणि पुढे खंबाटकी, मुंबईकडे बोर घाट, कोकणात ताम्हिणी. इथे अश्वशक्तीचा आकडा फारसे काही सांगत नाही. टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा, सांगतो, पण अर्धेच. उरलेले अर्धे गिअर आणि टायर ठरवतात.

तांत्रिक तक्त्यातून चार आकडे घ्या: जास्तीत जास्त टॉर्क, पहिल्या गिअरचे गुणोत्तर, मागच्या डिफरन्शिअलचे गुणोत्तर आणि टायरची त्रिज्या मीटरमध्ये. पहिल्या तिघांचा गुणाकार करा, त्रिज्येने भागा, मग भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाने भागा. उत्तर जितके मोठे, तितका चढावर जोर जास्त. उदाहरणाला दोन कल्पित गाड्या घेऊ. ‘अ’ला टॉर्क 140, गिअर 5.1, डिफरन्शिअल 4.1, त्रिज्या 0.30, वजन 2,600: उत्तर 3.75. ‘ब’ला टॉर्क 200, गिअर 3.8, डिफरन्शिअल 4.1, त्रिज्या 0.33, वजन 3,000: उत्तर 3.15. टॉर्क दीडपटीच्या जवळ असूनही भरलेली ‘ब’ चढावर उभी राहिली तर सुटायला ‘अ’पेक्षा जड जाईल. सपाटीवर आणि हायवेला मात्र ‘ब’ आरामात पळेल, इंजिन कमी फिरेल. तुमच्या वहीत घाट जास्त की हायवे, त्यावर निवड ठरते. खऱ्या गाड्यांतही असे फरक आहेत. इंट्राच्या व्ही30 आणि व्ही50 मध्ये इंजिन 1,496 सीसीचेच, पण टॉर्क एकाला 140 आणि दुसऱ्याला 220 न्यूटन मीटर.

इंजिन मिनिटाला किती वेळा फिरू लागल्यावर (आरपीएम) पूर्ण टॉर्क मिळतो तेही वाचा. 1,200-1,400 पासून मिळत असेल तर ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवर वळण काढतो. 2,000 नंतर मिळत असेल तर प्रत्येक वळणाला पहिला गिअर आणि अर्धा क्लच, आणि मग क्लच प्लेट दीड वर्षात.

चढण्याइतकेच उतरणे तपासा. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणे हे तिथले एक वारंवार सांगितले जाणारे कारण. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेकची पकड जाते. भरलेली गाडी तिसऱ्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता, स्वतःला किती रोखून धरते हे ज्या गाडीत चांगले, तिला माझ्या मते दोन गुण जास्त द्यावेत. लहान पेट्रोल इंजिन आणि मोठे डिझेल इंजिन यांत हा फरक लगेच कळतो.

इंधन: ॲव्हरेजच्या पलीकडचे

बीएस6 या प्रदूषण मानकाच्या बहुतेक डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, तिला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकायला एक्झॉस्ट भरपूर तापावा लागतो, आणि तो तापतो सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने गाडी चालल्यावर. दिवसभर मंडई ते नाना पेठ, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या आणि मध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहणे असे काम असेल तर गाळणी स्वच्छ होतच नाही. मग दिवा लागतो, ताकद कमी होते, आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन जबरदस्तीने जाळणी करून घ्यावी लागते. अर्धवट राहिलेल्या जाळण्यांमुळे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढले म्हणून खूश होऊ नका, ते पातळ झालेले असते. फक्त पेठांत फिरणाऱ्याने डिझेल घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत. हायवे करणाऱ्याने जरूर घ्यावे, पण विचारून: गाळणी आहे का, धूर स्वच्छ करणारा डीईएफ द्रव वेगळा भरावा लागतो का, आणि जाळणी हाताने सुरू करायचे बटण डॅशबोर्डवर आहे का.

सीएनजीचा हिशेब पंपाच्या रांगेसकट करा. महिन्याला 2,500 किलोमीटर, डिझेल गाडीचे ॲव्हरेज 14, डिझेल 90 रुपये धरले तर 16,071 रुपये. सीएनजी गाडी किलोला 17 देते आणि किलो 92 ला धरला तर 13,529. महिन्याला अडीच हजार वाचले. पण रोज रांगेत पाऊण तास गेला तर महिन्याला वीस तास होतात, आणि त्या वेळात तुमची एक-दोन फेरी बसत असेल तर बचत पंपावरच राहिली. आपल्या मार्गावरचा पंप कोणता, पहाटे दाब कसा असतो, हे तिथल्या रिक्षावाल्यांना विचारा. सिलिंडरची क्षमता पाण्याच्या लिटरमध्ये सांगतात. 70 लिटर म्हणजे पूर्ण दाबाला साधारण 11-12 किलो वायू, आणि उन्हात किंवा कमी दाबाच्या पंपावर त्याहून कमी. दर तीन वर्षांनी सिलिंडरची जलदाब चाचणी करावी लागते. पेट्रोलची टाकी किती, हेही बघा. एस प्रोच्या दुहेरी इंधनाच्या गाडीला ती 5 लिटरची आहे, म्हणजे पेट्रोल फक्त अडचणीपुरते.

विजेच्या गाडीचा मुद्दा थोडक्यात. टाटा एस ईव्ही 2022 मध्ये आली ती 21.3 किलोवॅट-तास बॅटरी, 600 किलो क्षमता आणि 154 किलोमीटरच्या प्रमाणित पल्ल्याने. 2024 मध्ये एक टनाची आली. प्रमाणित पल्ल्याच्या दोन-तृतीयांश धरून दिवसाच्या फेऱ्या बसल्या आणि रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे स्वतःच्या मीटरवर चार्जिंग मिळाले, तर शहरातल्या ठरावीक मार्गासाठी ती उत्तम. या दोन्हींपैकी एक जरी नसेल तर वाट बघा.

भरून चालवून बघा

रिकाम्या पिकअपची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे वेळ घालवणे. रिकामी असताना सगळ्याच उड्या मारतात आणि सगळ्याच पळतात. विक्रेत्याला आधी सांगा की क्षमतेच्या 70 ते 80 टक्के माल घालून चालवणार. नाही म्हणाला तर त्याच मॉडेलची कोणाची तरी चालू गाडी एका फेरीसाठी भाड्याने घ्या. भाडे जाईल, पण पाच वर्षांच्या हप्त्यांपुढे ते काहीच नाही. आणि चालवायला आपला ड्रायव्हर बसवा. मालक गाडी पसंत करतो आणि दहा तास दुसराच चालवतो, यातून बऱ्याच चुका होतात.

मार्ग तिन्ही मॉडेलना एकच ठेवा. जुना कात्रज घाट किंवा वडकीकडून दिवे घाट, परत येताना एखादी पेठ. माल भरल्यावर आधी खाली वाकून बघा: मागची कमान (पाट्यांची स्प्रिंग) किती बसली, आणि ॲक्सल व चेसिसच्या रबरी ठोकळ्यात किती बोटे जागा उरली. 80 टक्क्यांवरच ठोकळा टेकत असेल तर ती गाडी तुमच्या मालाला हलकी आहे. मग चढावर मधेच थांबवा, हँडब्रेकवर सोडा, मागे घरंगळते का बघा, आणि पुन्हा उचला. क्लचचा वास आला तर नोंद करा. चढ संपेपर्यंत कोणत्या गिअरवर किती वेग टिकला, ते लिहा. उतरून आल्यावर ब्रेकचे पेडल पहिल्यापेक्षा खोल जाते का? सपाट रस्त्यावर 60 वरून जोरात थांबवल्यावर एका बाजूला ओढते का?

पेठेत वळणाचे बघा. पत्रकात कोणी वळणाची त्रिज्या देतो, कोणी व्यास. 4.3 आणि 8.6 ही एकच गोष्ट असू शकते. आपल्या नेहमीच्या बोळात गाडी किती पुढे-मागे केल्यावर वळते, ते मोजले की हा गोंधळ उरत नाही.

केबिनमध्ये तासभर बसल्याशिवाय काही कळत नाही. इंजिन सीटखाली असेल तर एप्रिलमध्ये मांडीखाली ऊब येते. पाय ठेवायची जागा, सीट मागे सरकते का, पावसात काच पुसायचा वेग, आणि रात्री भरलेल्या गाडीचे दिवे झाडावर पडतात की रस्त्यावर.

पैसे

तिन्ही विक्रेत्यांकडून ऑन-रोड किमतीचे लेखी कोटेशन एकाच आठवड्यात घ्या आणि ओळीओळीने जुळवा. एक्स-शोरूम किंमत बॉडीसह आहे की नुसत्या केबिन-चेसिसची, हे आधी. सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. तुमची फर्म जीएसटीत नोंदलेली असेल तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. साध्या कारवर सहसा मिळत नाही. 9 लाखांच्या एक्स-शोरूम किमतीत हा कर 1,37,288 रुपये असतो. तेवढी रक्कम वजा करूनच तुलना करा, आणि वजावट घेतली तर त्या रकमेवर घसारा मागता येत नाही हे सीएकडून समजून घ्या. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात 7,500 किलोंपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर आणला गेला. म्हणजे महागडा व्हेरियंट घेतला तर करही त्या प्रमाणात वाढतो.

विम्यात एक गोष्ट चुकते. मालवाहू गाडीच्या तृतीय पक्ष विम्याचा पहिला टप्पाच 7,500 किलोंपर्यंत आहे. 2022 च्या दरपत्रकात भाड्याने माल वाहणाऱ्याला त्या टप्प्यासाठी 16,049 रुपये आणि फक्त स्वतःचा माल वाहणाऱ्याला 8,510 रुपये होते. छोटा हत्ती असो की दोन टनी, हा भाग सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या घोषित किमतीवर आणि ‘भाड्याची की स्वतःच्या मालाची’ या नोंदीवर. स्वस्त पडते म्हणून खोटी नोंद केली तर दाव्याच्या वेळी महागात जाते.

कर्जाचा दर ‘फ्लॅट’, म्हणजे फेडलेली रक्कम न वजा करता शेवटपर्यंत मूळ कर्जावर व्याज, असा सांगितला तर तिथेच थांबवा. 8 लाख रुपये, पाच वर्षे, फ्लॅट 7 टक्के म्हणजे हप्ता 18,000. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर साडेबारा टक्के होतो. घटत्या शिलकीवर 10 टक्क्यांनी हेच कर्ज घेतले तर हप्ता 16,998. ऐकायला 7 स्वस्त, भरायला 10 स्वस्त.

आता महिन्याचा ताळा. वरच्या डिझेल गाडीला हप्ता 16,998, डिझेल 16,071, विमा 3,500, टायर (26,000 चा संच 40,000 किलोमीटर) 1,625, देखभाल 2,000, ड्रायव्हर 20,000: एकूण 60,194, म्हणजे किलोमीटरला 24 रुपये. यात ॲव्हरेज 14 चे 15 झाले तर वाचतात फक्त 1,071. उलट थोडी मोठी गाडी घेऊन पाचांतली एक फेरी वाचली तर एकट्या डिझेलचे 3,200 वाचतात, आणि मोठ्या गाडीसाठी दीड लाख जास्त कर्ज घेतले तर हप्ता 3,187 ने वाढतो. जवळजवळ बरोबरी. निकाल यावर लागतो, की वाचलेल्या वेळात ड्रायव्हरला दुसरे काम देता येते का. लोक ॲव्हरेजच्या एका किलोमीटरवरून शोरूममध्ये तासभर भांडतात आणि फेऱ्यांचा हिशेब करतच नाहीत.

सुटे भाग, वॉरंटी, जुन्या गाडीचा भाव

पार्टची यादी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि नाना पेठेतली दुकाने, दोन्हीकडे भाव विचारा: क्लच संच, मागचे ब्रेक लायनर, कमानीचा मुख्य पाटा, डिझेल गाळणी, पुढची काच, हेडलाइट, बंपर, इंजेक्टर. भावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न: ‘आज मिळेल का?’ नवीन आलेल्या मॉडेलचा हेडलाइट आठवडाभर मिळत नाही आणि गाडी उभी राहते. वर्षभर तरी रस्त्यावर असलेले मॉडेल घ्या, एवढेच यातून निघते.

वॉरंटीत वर्षे आणि किलोमीटर यांपैकी आधी काय संपते ते बघा. महिन्याला 2,500 च्या वेगाने 72,000 किलोमीटर 29 महिन्यांत संपतात. ‘तीन वर्षे’ हे शब्द मग शोभेचे. एक लाख असेल तर तीन वर्षे खरोखर पूर्ण होतात.

जुन्या गाडीचा भाव काढायला त्याच मॉडेलच्या चार वर्षे जुन्या तीन-चार गाड्यांची चौकशी करा, शहरात आणि मंचर-नारायणगाव किंवा बारामती बाजूला वेगवेगळी. गावाकडे दणकट पिकअपला गिऱ्हाईक जास्त, शहरात छोट्या सीएनजीला. आरटीओच्या फिटनेस तपासणीची वेळही भावात धरा: नव्या गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र दोन वर्षांचे, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी.

घरालाही आणि धंद्यालाही

काहींना एकाच गाडीत कुटुंब आणि माल दोन्ही हवे असतात. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या दुहेरी केबिनच्या गाड्या खासगी नोंदणीत येतात, रस्त्यावर सुंदर चालतात, पण लांबी 5.3 मीटर. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या पाच मीटरच्या पार्किंगमध्ये नाक किंवा शेपूट बाहेर राहते. आणि खासगी नोंदणीवर भाड्याचा माल वाहता येत नाही. बोलेरो कॅम्पर घेतली तर हौदा छोटा होतो. महिन्याचा माल खरोखर चार-सहा फेऱ्यांचाच असेल तर साधी कार घ्या आणि मालाला टेम्पो बोलवा.

ताबा घेताना

पैसे पूर्ण देण्यापूर्वी नमुना 21, म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र, मागून वाचा. त्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि वजने असतात. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत घेताना मॉडेल वर्षाचा फरक पुढे विकताना भोवतो, तेव्हा सूट आत्ताच मागा. पाचही टायरांवरचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. विम्याच्या कागदावर एकूण वजन आणि वापराचा प्रकार जुळवा. बॉडी बाहेरून बनवून घेणार असाल तर नोंदणीआधी घ्या आणि वजनासह नोंदवून घ्या. नंतर परस्पर केलेला बदल कलम 52 मध्ये अडकतो, आणि एमएच 12 असो वा एमएच 14, फिटनेसच्या वेळी तो पकडला जातो.

पहिले हजार किलोमीटर मालकाच्या पुस्तकात सांगितलेल्या मर्यादेत माल भरा, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर चाकांचे नट आणि कमानीचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नव्या गाडीत ते हमखास सैल पडतात.